दशांशाची घागर

मार्था गेली, त्याला सव्वा महिना झाला. बीडच्या दवाखान्यात शेवटचं बोलली तेही रांजणाचंच. "चर्चच्या दारचा रांजण रिकामा ठिवू नका." तिला शांत पडू द्यावं म्हणून मी हो म्हणालो... खरं तर त्या रांजणावरून आम्ही नवरा-बायको जन्मभर भांडलो.

दुष्काळाच्या साली टँकरमधून घरटी दहा घागरी मिळायच्या. आमची बाई त्यातली पहिली उचलून थेट चर्चच्या दारी ओतायची. का, तर दशांश, दहातला एक वाटा देवाचा! मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दूध आटून सोसायटी मोडायला आलेली, दावणीला म्हैस पाण्यावाचून हंबरतेय आणि ही वाटसरूंना पाणी पाजतेय. माझं डोकंच फिरायचं. "निदान शेवटची घागर दे," म्हटलं तर फणकारली, "देवाला काय उरलंसुरलं द्यायचं व्हय?"

शेवटी मी चर्चच्या पाळकसाहेबांनाच बोलावून आणलं. उन्हातून आलेले साहेब चर्चच्या ओट्यावर टेकले आणि तिला समजावू लागले, "मार्थाबाई, बायबलच्या नव्या करारात दशांशाची सक्ती नाही. आपण नियमाखाली नाही, देवाच्या कृपेखाली आहोत." तिनं रांजणातून तांब्या भरून त्यांच्या हाती दिला. "सक्ती न्हाई म्हणूनच देते. प्या तुमी आदी." साहेबांनी घटाघटा तांब्या रिकामा केला. मग पुन्हा पुढं केला, कपाळ माझं!

पुढं पाऊसपाणी झालं, सोसायटी सावरली, घरोघर नळ आले. आता कशाला हवाय रांजण, असं मी हजारदा ऐकवलं. तरी ही रोज भरायची आणि तिथंच ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. मुलं पुण्याला गेल्यावर तर जास्तच. मी घरात पेपर वाचत बसायचो.

आता घर खायला उठतं. एकट्याला पाणी लागतं ते किती... त्याचा दशांश काढायचा तरी कसा? इतके दिवस टाळलं, पण शब्द दिला होता. परवा पहिली घागर खांद्यावर घेऊन गेलो, रांजण धुतला, भरला. घरी जाऊन तरी काय करायचं, म्हणून ओट्यावरच बसलो. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक परगावचा माणूस आला. पाणी प्यायला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "बाई न्हाईत का आज?"

"गेली," मी म्हणालो. मातीच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, त्या अनोळखी माणसापुढं मी ढसाढसा रडलो. मेंढरं पांगली तरी तो माझ्याजवळ बसून राहिला.

उठताना तोंड पुसत म्हणाला, "उद्या बी भरून ठिवा, मामा. मी याच वाटंनं माघारी येतो."