यादीतलं शेवटचं कलम

गाणाऱ्या माणसासाठी सगळ्यात चांगलं शहर कोणतं, याबाबत आमच्या मास्तरांचं मत ठाम होतं. पुणं पहिलं, कारण तिथे ऐकणारे आहेत. मिरज दुसरं, कारण तिथे तंबोरे होतात. मुंबई तिसरी; तिथे काम मिळतं पण बसायला जागा मिळत नाही. इंदूर चौथं, तेही फार लांब पडतं म्हणून. मास्तर भिंगारला एका कचेरीत कारकून होते आणि या चारांपैकी एकही शहर त्यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं. सगळी माहिती रेडिओवरची.

त्यांच्याकडे मी सात वर्षं गाणं शिकले. वडील भिंगारलाच लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते, पण घराणं शेतकऱ्याचं. आमच्या भाऊबंदांत मुलीला गाणं शिकवायची रीत नव्हती. "पोरीला तमाशात घालायची हाय का?" असं एका चुलत्यानं भर पंगतीत विचारलं, तेव्हा वडील वाढलेल्या ताटावरून उठले होते. नंतर कुणी तो विषय काढला नाही. माझा आवाज चांगला होता. या वयात खोटा विनय कशाला?

बाहत्तरच्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांची होते. मास्तरांनी वडिलांना बजावलं, "मुलगी पुण्यालाच द्या. इथे राहिली तर गाणं सुटेल." लोक मुलाची नोकरी बघतात, जमीन बघतात, माझ्या वडिलांनी आधी शहर बघितलं आणि मग त्या शहरात मुलगा शोधला. मिळाला. कारखान्यात फिटर, चाळीत दोन खोल्या, घरात आई आणि तो. मला बघायला आला तेव्हा मी गायले, आणि तो सगळा वेळ सतरंजीकडे बघत होता. मला राग आला होता.

मग वडील आणि मास्तर एसटीनं घर बघायला गेले आणि एक रात्र तिथे राहून आले. मास्तर तर हरखूनच परतले. गल्लीत कुठून तरी तंबोरा ऐकू येत होता म्हणे, आणि एकाच भिंतीवर तीन मैफलींच्या जाहिराती होत्या. ते सांगत होते, मी ऐकत होते आणि आई ज्वारी पाखडत होती. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ती मध्येच म्हणाली, "नळ कवा येतो?"

"पहाटे पाचला," मास्तर म्हणाले. "तासभर असतो. सगळी चाळ उठते."

"मग झालं हिचं गाणं," आई म्हणाली आणि सूप झटकलं.

पहाटे पाच ते सहा ही माझी खर्जाची वेळ, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा रियाज. तो सुटला की आवाजाचा पाया जातो, असं मास्तरांनीच मला सात वर्षं ऐकवलं होतं. चाळीत रात्र काढून, पहाटेचा नळ बघूनही हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नसतं. त्या वर्षी भिंगारला हौदावर पहाटेच रांग लागायची. मी आत तंबोरा घेऊन बसायचे तेव्हा आई दोन घागरी घेऊन बाहेर पडायची. हे मला रोज दिसत होतं आणि तरी कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

आठ दिवसांनी याद्या करायला पुण्याची मंडळी आली. मुलाची आई, मामा, आणि तो. मी दाराआड उभी होते. वडील लिहीत होते: मुलाचा पोशाख, भांडी, तांब्याच्या दोन घागरी, वऱ्हाडाची एसटी कुणी करायची, जेवणं कुणाकडे. दहा कलमं झाली. हळदकुंकू लावून सह्या करायच्या, तेवढ्यात कोपऱ्यातून मास्तर म्हणाले, "अजून एक राहिलं. पहाटे पाच ते सहा मुलगी रियाज करेल. त्या वेळात तिला पाण्याला लावायचं नाही."

वडिलांचा चेहरा उतरला. मामा उखडले. "ही काय यादीत लिवायची गोष्ट हाय?"

"घागरी किती ते लिहिलंत," मास्तर म्हणाले. "त्या भरायच्या कुणी, तेवढंच लिहा म्हणतो."

दाराची कडी माझ्या हातात घट्ट होती. मोडलं तर मोडू दे, असं म्हणण्याची माझी छाती नव्हती. मला लग्नही हवं होतं आणि माझी पहाटही हवी होती.

"मी भरीन," मुलगा म्हणाला. सतरंजीकडे बघतच.

त्याची आई हसली. चांगली खळखळून हसली. "ह्याचं नाव लिवून काय उपेग? ह्यो सातबिगर उठत न्हाई. माजं लिवा."

"अवो, पन तुमी..." वडील चाचरले.

"लिवा, लिवा. आजवर मीच भरत आले."

वडिलांनी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. माघात लग्न झालं.

पुण्यातल्या माझ्या पहिल्याच पहाटे नळाचा फुसफुस आवाज आला आणि मी धडपडत उठून घागर उचलली. यादी कागदावर ठीक असते. नव्या सुनेला भीती वाटतेच. सासूबाईंनी घागर माझ्या हातातून काढून घेतली. "ठेव ती. तू आपलं लिवलंय ते कर."

मी दाराकडे पाठ करून बसले आणि खालचा सा लावला. बाहेर रांगेत भांडी आपटत होती. कुणीतरी विचारलं, "काय हो, नवी सून आली तरी पाण्याला तुम्हीच?"

"ती कामात हाय," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या गाण्याला आजवर कुणी काम म्हटलं नव्हतं, मास्तरांनीसुद्धा नाही. माझा सूर हलला. मी पुन्हा लावला.