पाटाखालची बादली

आयुष्यभर मी बातम्यांच्या डेस्कवर काम केलं. कोणी पाहिलं, तिथे आणखी कोण होतं, दुसरं कारण तपासलं का... हे तीन प्रश्न विचारून भुताखेतांच्या बऱ्याच बातम्या मी छापायच्या आधीच कचऱ्यात टाकल्या आहेत. अशा गोष्टींवर माझा आजही विश्वास नाही. म्हणून इथे लिहितोय ते फक्त स्वतः पाहिलेलं आणि तपासलेलं.

जागा मुलुंड पूर्वेची. लिफ्ट नसलेली जुनी सोसायटी, दुसऱ्या मजल्यावर आईचं वन रूम किचन. बाथरूमचं दार स्वयंपाकघरातच, गॅसच्या ओट्यासमोर उघडतं. आत दाराच्या वर गिझर, बाबांनी लावून घेतलेला.

आमच्या घरातली एक सवय आधी सांगायला हवी. आईबाबा मालवणकडचे, पण संसार सुरू झाला परळच्या चाळीत. बाबा गिरणीत होते. चाळीत पाणी थोडाच वेळ यायचं, त्यामुळे आधी आंघोळ करणाऱ्याने मागच्यासाठी बादली भरायची आणि वर पाट झाकायचा, असा नियम होता. मुलुंडला आल्यावर नियमाची गरज संपली, पण सवय राहिली. बाबा स्वतः कढत पाण्याने आंघोळ करायचे. मग आईची बादली भरायचे – तिला सोसेल इतकं थंड पाणी मिसळून – आणि वर तोच जुना पाट ठेवायचे.

गेल्या वर्षी बाबा गेले. आई एकटी राहू लागली.

माझी धाकटी बहीण संध्या पुण्याला असते. ती आईला रोज सकाळी फोन करते. या हिवाळ्यात बोलता बोलता आई तिला म्हणाली, की मी आंघोळीला जाते तेव्हा गरम पाण्याची बादली भरलेलीच असते. सांगताना तिच्या आवाजात घाबरणं नव्हतं, नवलही नव्हतं. संध्याने सरळ निष्कर्ष काढला – आई स्वतःच उठून गिझर लावते, बादली भरते आणि विसरते. मलाही तेच वाटलं. गिझर जुना, खालून ठिबकणारा.

"दादा, तू जाऊन बघून ये," संध्या म्हणाली. "आई विसरायला लागलीय एवढं तू म्हण, मी रविवारी गाडी घेऊन तिला न्यायला येते. घराला कुलूप. उद्या शॉक लागला तर आपण काय करणार आहोत?"

म्हणजे आईचं घर राहणार की जाणार, हे माझ्या रिपोर्टवर होतं. आईला ते कळलं होतं. मी चपला काढत होतो तोवरच तिने सांगून टाकलं, "मी खंय जावचंय नाय." नंतर तिने तो विषय काढला नाही. जेवायला वाढलं.

दुपारी मी दिलीपला बोलावलं. आमच्या गल्लीतली गिझर-पंख्यांची कामं तोच करतो. त्याने मेन स्विच बंद केला, झाकण उघडून कॉइल बाहेर ओढली. क्षारांचा जाड थर, आणि मधोमध कॉइल तुटलेली. टाकीही तळाला गंजली होती.

"काकू, याने महिनोन्‌महिने पाणी तापवलेलं नाही," दिलीप म्हणाला. "तुम्ही काय थंड पाण्याने करत होता?"

आई म्हणाली, आज सकाळीच गरम पाण्याने आंघोळ केली.

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. संध्याला जे वाटत होतं तेच त्यालाही वाटलं असावं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाने तापत असेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, दुपारी तापेल, थंडीतल्या सकाळी कसं तापणार? शेजाऱ्यांच्या गरम पाण्याची लाइन आपल्या लाइनला कुठेच जोडलेली नव्हती, तेही त्याने पाहून सांगितलं. राहिला गॅस. आई गॅसवर पाणी तापवते आणि विसरते – हे एकच कारण उरलं.

नवीन गिझर आणला होता, पण त्याला जुने जोडपाइप बसेनात. उद्या आणतो म्हणून दिलीपने पाइपांची तोंडं बंद केली आणि जुना गिझर घेऊन गेला. भिंतीवर दोन बोल्ट तेवढे उरले.

मी मुद्दाम राहिलो. झोपलो स्वयंपाकघरात, बाथरूमच्या दारासमोर अंथरूण घालून.

सकाळी उठल्यावर मी आधी बाथरूम पाहिलं. बादली पालथी, पाट भिंतीला टेकलेला. दार ओढून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं. ओट्यावर तेवढंच भांडं. नळाचं पाणी वाजल्याचं मला ऐकू आलं नाही... आणि तिथून मी हललो नाही, हेही खात्रीने सांगतो. आई बाहेरच्या खोलीत होती. ती टॉवेल घेऊन माझ्यासमोरून गेली, तिने दार उघडलं आणि म्हणाली, "भरलेली हा."

बादली सुलटी, वर पाट. मी पाट उचलला. वाफ आली. आत मनगटापर्यंत हात घातला. भिंतीवर दोन बोल्ट, बाकी काही नाही.

आई म्हणाली, "बाजूक हो. पाणी निवता." दार लावून तिने आंघोळ केली.

तेवढ्यात संध्याचा फोन आला. तिने एकच विचारलं, आई विसरते का?

"नाही," मी म्हणालो. "आई काहीच विसरलेली नाही. गिझर काल काढून नेलाय. पाणी आत्ता माझ्यासमोर गरम आहे."

तिने विचारलं, "बाबांच्या पाण्याइतकं कढत?"

"नाही. आईच्या पाण्याइतकं."

रविवारी ती आली. कुलूप न आणता, खरवस घेऊन.

दिलीपने नवीन गिझर त्या सकाळनंतर, दुपारीच बसवला होता. पाणी तापलं की आपोआप बंद होणारा. तेव्हापासून बादली पालथीच असते. एकदा मी आईला त्याबद्दल विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नवीन आसा मां. तेंका बटाण गावना नसात." म्हणजे बाबांना बटण सापडत नसेल.

मी अजूनही तपासतो आहे. दिलीपला पुन्हा विचारलं, प्लंबरलाही दाखवलं. कारण सापडलेलं नाही, आणि नसलेलं कारण मी लिहिणार नाही.

आता मुलुंडला राहिलो की मी आधी आंघोळ करतो, आईची बादली भरतो, पाट झाकतो. अंदाजाने थंड पाणीही मिसळतो. आई आत जाते, आणि दर वेळी बाहेर नळाचा आवाज येतो – ती आणखी तांब्याभर थंड घालते.

त्या सकाळी आई आत गेल्यावर नळ वाजला नव्हता.