चुकीच्या बाटलीतला वास

टीव्ही मालिकेच्या सेटवर तिला सगळे गाठमावशी म्हणायचे. नायिकेच्या मानेवर रबराची गाठ चिकटवून तिचा रंग कातडीशी जुळवायचा, हे तिचं काम. त्या मुलखात माणूस नुसता बाई किंवा पुरुष नसतो. वयात आला की अल्फा, बीटा की ओमेगा तेही ठरतं. अल्फा आणि ओमेगा यांच्या मानेतल्या गाठीला आपापला गंध असतो आणि तो फक्त अल्फा-ओमेगांनाच येतो. बीटांच्या नाकाला त्याचा पत्ताच नसतो.

ओमेगाचं काम करणारी नायिका स्वतः बीटा होती. दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळेच बीटा. मावशी मात्र अस्सल ओमेगा. पण तिची गाठ कॉलरखाली झाकलेली, आणि तिला कधी कुणी विचारलंही नव्हतं. मालिकेतल्या ओमेगाला पांढरे कपडे, पाणावलेले डोळे आणि अल्फा दिसला की भोवळ. मावशीला उभ्या आयुष्यात भोवळ आली नव्हती. तेवढी सवड कुणाला होती?

घरी नवरा अल्फा. पडद्यावरचे अल्फा गुरगुरतात, दारं तोडतात. हा घड्याळं दुरुस्त करायचा आणि याला झुरळसुद्धा मारवत नसे. मात्र रोज संध्याकाळी नायिका रडायला लागली की याचा घास हातातच राहायचा. "काय सोसते बिचारी!" असं तो म्हणाला की मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या बिचारीची मान रोज तीच तर रंगवत होती!

एक दिवस दिग्दर्शकाने नायिकेच्या अभिनयात भाव यावा म्हणून ओमेगाच्या गंधाची बाटली आणवली. झाकण उघडलं आणि मावशी चमकली. मिरीसारखा झणझणीत वास. बाटली अल्फाची होती! ती सांगणारच होती, एवढ्यात नायिका मानेवर फवारा मारत म्हणाली, "मावशी, तुम्हाला नाही कळायचं, पण हे लावलं ना, की मी अगदी ओमेगा होते."

मावशीने तोंड मिटून घेतलं. होऊ दे म्हणावं फजिती.

दिवसभर तो फवारा तिच्याही हातांवर, बाह्यांवर उडत राहिला. संध्याकाळी ती ताट वाढायला वाकली तसा नवरा ताठ झाला. पडद्यावर नायिका हुंदके देत होती. त्याने टीव्ही बंद केला.

"कुणाबरोबर होतीस?"

"कामावर होते. आणखी कुठे असणार?"

"तिथे सगळे बीटा आहेत. मला नाक आहे."

मालिकेतल्या अल्फाने ताट भिरकावलं असतं. याने चमचा नीट ताटाच्या कडेला ठेवला.

"उंच आहे का तो?" त्याने विचारलं.

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण कितीतरी वर्षांनी तो तिच्याकडे असा बघत होता, आणि टीव्ही बंद होता. तिला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

"जेव आधी," ती म्हणाली.

तो जेवला नाही. टीव्हीही पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी नायिकेने बाटली पुढे केली. "मावशी, वास उडाला तर नाही ना हो? आपल्या बीटा नाकांना कुठे कळतंय!"

"बघते हं," मावशी म्हणाली. तिने कॉलर खाली केली आणि स्वतःच्या खऱ्या गाठीवर दोन फवारे मारून घेतले.