आईच्या मुठीतला सेन्सर

त्या सकाळी धुकं थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. अकोले तालुक्यातलं, डोंगराकडचं आमचं गाव; भात पिवळा पडायला लागला की सकाळी असंच होतं, समोरची खाचरं दिसत नाहीत, नुसता भाताचा वास येतो. मी उंबऱ्यावर बसले होते आणि राहून राहून वाटत होतं, की हे सगळं आपण झोपेतच बघतोय. दुपारी जीप येणार होती. आईला मी कायमची माझ्याकडे श्रीरामपूरला न्यायला आले होते.

कारण काय, तर आई विसरायला लागली होती. असं भावाने आणि मी फोनवर ठरवून टाकलं होतं. गॅस उघडा राहील म्हणून आधी सिलिंडर काढून तिला विजेची सपाट शेगडी आणून दिली. मग शेजारणीकडून कळायला लागलं, दूध नासतं, भात अर्धाकच्चा राहतो. आई म्हणायची, शेगडी आपोआप बंद पडते. मी म्हणायचे, आई, तूच बटण बंद करतेस आणि विसरतेस. फोनवर कधी कधी तिचं स्वतःशीच पुटपुटणं ऐकू यायचं, तेही मी त्यातच धरायचे.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तापट म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. पहिल्याच तासाला पोरांना दटावून सांगते, की स्क्रू ड्रायव्हर नंतर उचला. आधी जे माणूस ती वस्तू रोज वापरतं त्याला विचारा, काय होतं, कधी होतं. आईला मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या दिवशी चहा आईने केला. दूध मात्र मी तिला ठेवू दिलं नाही. मीच पातेलं ठेवलं, बटण दाबलं आणि पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसले. धुक्यात कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. किती वेळ गेला कोण जाणे. वळून बघितलं तर शेगडीवरचा दिवा विझलेला, दूध जेमतेम कोमट. आई चहाचा कप धरून मोरीपाशी उभी होती, शेगडीपासून चार हात लांब. बटण तिने बंद केलेलं नव्हतं.

मग विचारलं, पहिल्यांदाच. तिने सगळं टिपून ठेवल्यासारखं सांगितलं. सकाळचा पहिला चहा नीट होतो. लगेच दुसरं भांडं ठेवलं की दोन-चार मिनिटांत बंद. तासभर थांबलं की पुन्हा चालते. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. माझ्या वर्गातल्या एकालाही दोष इतका नेमका सांगता आला नसता.

प्लग काढला, थोडं थांबून शेगडी उलटी करून उघडली. काचेखाली, तांब्याच्या वेटोळ्याच्या मधोमध, मण्याएवढा सेन्सर असतो. भांडं किती तापलं ते तो सांगतो. फार तापलं असं त्याने सांगितलं की शेगडी स्वतःच बंद होते. मी तो सोडवला, त्याच्या तारांना माझ्या पिशवीतला मीटर लावला. गार असताना आकडा बरोबर. आता त्याला जराशी ऊब देऊन बघायची होती, पण माझी बोटं गारठलेली.

"आण इकडे," आई म्हणाली, आणि तिने तो मुठीत घेतला.

चहाच्या कपाने तिची मूठ ऊबदार झाली होती. मीटरवरचा आकडा हळूहळू उतरायला लागला. ऊब वाढली की या सेन्सरचा विजेला होणारा रोध कमी होतो, तेव्हा तसाच उतरायला हवा. बाहेर धुकं, आत ती मिटलेली मूठ, आणि आम्ही दोघी आकड्याकडे बघत बसलेल्या. हे कधी संपूच नये असं मला वाटलं. आणि मग आकडा एकदम कोसळला. मुठीच्या उबेलाच तो सेन्सर भट्टी समजत होता. वर्गात दाखवायला ठेवलेला तसाच एक माझ्या पिशवीत होता. तोही तिच्या मुठीत दिला. त्याचा आकडा संथपणे उतरला आणि थांबला.

"म्हणजे मी विसरत नव्हते," आई म्हणाली. "मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं गं. म्हणून रोज शेगडीपुढे उभी राहून पावकी-निमकीचे पाढे म्हणून बघायचे. डोकं ठिकाणावर आहे ना, म्हणून."

ते पुटपुटणं हे होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावाला फोन केला, जीपवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. रागही आला होता, पण तो शेगडीवर काढायचा की स्वतःवर, कळेना.

माझ्याजवळचा सेन्सर बसवला. आधी पाणी उकळून घेतलं आणि लगेच दुधाचं पातेलं ठेवलं. आई हाताची घडी घालून त्याच्यासमोर उभी राहिली. धुकं विरत होतं, खाचरं दिसायला लागली होती. दूध चढलं, काठापर्यंत आलं, आणि ती हललीच नाही. विसरली, माझ्या मनात आलं. एवढं सगळं होऊनही तेच आलं. मी ओरडत धावले, तोवर दूध काचेवर पसरलं होतं.

आईने शांतपणे बटण बंद केलं.

"विसरले नाही," ती म्हणाली. "नव्या घरात गेलं की दूध उतू घालतात. मला माझं घर आज परत मिळालं."

मी फडकं घेऊन काच पुसत राहिले. वर तिच्याकडे बघायची हिंमत होईना.