किती देऊन किती?

इनामदार डॉक्टरांनी या औद्योगिक पट्ट्याला श्वास दिला, असं वाक्य त्यांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हटलं. वाक्य चांगलं आहे. फक्त डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, आणि नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी या पट्ट्यातल्या लोकांना झोपवण्यात घालवली. श्वासाचं काम त्यांच्या गळ्यात नंतर पडलं, कारण झोपवलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवायची सवय इस्पितळात त्यांनाच होती.

बातमी मला कळली, तीही धड कळली नाही. मी एका कारखान्याच्या प्रसिद्धी विभागात आहे, तिथली गृहपत्रिका काढतो. म्हणजे फीत कुणी कापली, नारळ कुणी फोडला आणि वारलं कोण, ते लिहितो. शिपाई येऊन म्हणाला, इनामदारसाहेब गेले. आमच्या स्टोअर्समध्येही एक इनामदार आहेत. मी हळहळलो आणि कागद ओढून ‘मितभाषी व कर्तव्यदक्ष’ असं लिहीपर्यंत ते स्वतः टेबलासमोर उभे. त्यांना पाहून मला इतका आनंद झाला की ते घाबरले. मग गेलं कोण ते लक्षात आलं... आणि चेहऱ्यावरचा तो आनंद कुठे ठेवावा, हे मला बराच वेळ सुचलं नाही. त्यानंतर आता काही आठवडे झाले, पण त्या सकाळचा गोंधळ पुरता ओसरलेला नाही. खरं तर डॉक्टरांशी ओळख झाली तीही गोंधळातच.

माझा मेहुणा अशोक एका कारखान्यात वेल्डर. आणीबाणी उठली त्यानंतरच्या उन्हाळ्यात कासारवाडीजवळ एका टेम्पोनं त्याला सायकलसकट उडवलं. डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या. इथल्याच कामगारांच्या इस्पितळात त्याला आणलं. पहिले दोन दिवस तो बोलत होता, चहा मागत होता, टेम्पोवाल्याच्या घराण्याची चौकशी करत होता. तिसऱ्या दिवशी त्याचा श्वास भरभर चालू लागला आणि शिव्या बंद झाल्या. आम्हाला आधी काळजी वाटली ती शिव्या बंद झाल्याची.

तेव्हा डॉ. यासीन इनामदार हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं आणि दोन्ही न उठणारी. वडिलांचं चिंचवड स्टेशनजवळ डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं, त्यामुळे माणसाच्या छातीला कान लावण्याची त्यांची पद्धतही थोडी मेकॅनिकसारखी होती. ते आले, त्यांनी अशोकचा पलंग ढकलत खिडकीपाशी नेला आणि त्याला जीभ दाखवायला सांगितलं. मी विचारलं, उजेड तर आहे की इथे. ते म्हणाले, “ट्यूबलाइटखाली सगळेच निळे दिसतात, राव. उद्घाटनाला आलेले पाहुणेसुद्धा.” फीत कापणाऱ्यांविषयी असं बोलणारा माणूस मला लगेच आवडला. मग ते गंभीर झाले. जिभेवरून आणि नखांवरून फार तर अंदाज येतो, म्हणाले. फुप्फुसं रक्ताला ऑक्सिजन देतायत की नुसतीच हलतायत, हे पाहायला मनगटातल्या धमनीतलं रक्त काढून मोजावं लागेल. मोजायचं यंत्र पुण्यात होतं.

रक्त पुण्याला न्यायची त्यांची एक रीत होती. काचेच्या सिरिंजमध्ये रक्त घ्यायचं, सुईचं टोक रबरी बुचात खुपसून बंद करायचं आणि ती सिरिंज बर्फात ठेवून न्यायची. शरीराबाहेर काढलं तरी रक्त जेवत राहतं, त्यातला ऑक्सिजन संपवत राहतं. गारठलं की आळसावतं, असं त्यांनी मला सांगितलं. बर्फ मिळायचा समोरच्या रसवंतीत. भांडं म्हणजे कँटीनचा रुंद तोंडाचा, लाल रंगाचा थर्मास. कँटीनचे शेट्टी तो देताना दर वेळी विचारायचे, यात नक्की काय नेणार, आणि डॉक्टर दर वेळी सांगायचे, सरबत.

त्या दुपारी डॉक्टर एका ऑपरेशनमध्ये अडकलेले होते. जाताना त्यांनी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना सांगून ठेवलं की मास्कमधून चार लिटर ऑक्सिजन चालू राहू दे, अर्ध्या तासानं रक्त काढा आणि पाठवा. तसं रक्त काढलं. ते पोचवायला आम्ही निघालो, अशोकच्या खात्यातला पोपट आणि मी. स्कूटर पोपटची, मागे मांडीवर थर्मास घेऊन मी. दापोडीच्या पुलापर्यंत माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, कारण थर्मास बुडाशी गळत होता. पुण्यातल्या प्रयोगशाळेत बाईंनी झाकण उघडलं आणि बर्फातून आधी उसाचं एक चिपाड काढून बाजूला ठेवलं. चिंचवडहून येणाऱ्या रक्ताची त्यांना सवय असावी.

आकडा घेऊन परत आलो. तरुण डॉक्टरांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. नव्वदीच्या आसपास होता. धडधाकट माणसाच्या रक्तात जेवढा असावा जवळजवळ तेवढा, म्हणाले. माझी बायको मंदा रडायला लागली, यावेळी सुखानं. सासूबाई रावेतच्या, म्हशी राखलेल्या. बोलायच्या कमी. त्यांनी पदराला हात पुसले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बाकावर पाठ टेकली. कारण तोवर वॉर्डात एक बातमी पसरली होती, की याला श्वासाच्या यंत्राला जोडणार. इस्पितळात ते यंत्र एकच होतं, आणि त्यावर चढवलेला माणूस परत येत नाही असं कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. आता आकडा चांगला आला, म्हणजे यंत्र टळलं. पेढे आणायला कुणीतरी चप्पल घातलीसुद्धा.

इनामदार डॉक्टर ऑपरेशनमधून बाहेर आले ते डोक्याला ऑपरेशनची हिरवी टोपी अजून तशीच. त्यांनी आकडा पाहिला आणि विचारलं, “किती देऊन?”

तरुण डॉक्टर म्हणाले, चार लिटर. डॉक्टरांनी अशोककडे पाहिलं. त्याची छाती भात्यासारखी चालली होती आणि कपाळावर घाम होता. मग त्यांनी सिलिंडरवरचा काटा पाहिला. तिथे चार लिटर नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं, याला हात कुणी लावला.

मग पोपट बोलला, पण डॉक्टरांशी नाही, माझ्याशी. “दाजी, काटा लई खाली व्हता. मी जरा खोलला.”

“जरा म्हणजे?”

“पुरा.”

यात पोपटला दोष देणं अवघड होतं. वेल्डिंग खात्यात तो दिवसभर असाच काळा सिलिंडर वापरायचा. तीच चावी, तोच काटा. मित्राला दम लागलाय आणि गॅस अर्धवट सोडलेला आहे, हे त्याला बघवलं नाही. डॉक्टर चिडले नाहीत, त्यांनी एवढंच विचारलं की रक्त काढायच्या आधी खोलला की नंतर. पोपटनं बराच विचार केला. “ते ध्यानात न्हाई,” म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

इथून पुढे माझा जो गोंधळ झाला तो आजतागायत आहे. डॉक्टरांनी मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की आकडा एकटा काहीच बोलत नाही. चार लिटरवर हा आकडा आला असेल तर थांबता येईल. पुरा ऑक्सिजन देऊन एवढाच आला असेल, तर फुप्फुसं बुडत चालली आहेत. तेवढ्या ऑक्सिजनवर चांगल्या फुप्फुसानं कितीतरी पट आकडा दाखवला असता. मी विचारलं, पण आकडा तर चांगलाच आहे ना? ते म्हणाले, आकडा चांगला आहे. मी विचारलं, मग माणूस? ते म्हणाले, “तेच तर विचारतोय मी. किती देऊन किती?”

पुन्हा रक्त काढलं गेलं. या खेपेला डॉक्टर स्वतः सिलिंडरपाशी उभे राहिले, काटा पुरा ठेवला आणि अर्धा तास कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. पुन्हा शेट्टींचा थर्मास, पुन्हा स्कूटर, पुन्हा भिजलेली पँट. आकडा आला तो जवळजवळ दुपारचाच. म्हणजे दुपारचाही पुऱ्यावरचाच होता. ज्या आकड्यावर दुपारी पेढे येणार होते, त्याच आकड्यावर संध्याकाळी यंत्र ढकलत आणलं गेलं.

मंदा मला म्हणाली, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा, आकडा तोच आहे मग असं का? मी डॉक्टरांकडे बोट दाखवलं. सासूबाई पलंगाचा कठडा धरून उभ्या राहिल्या. त्या यंत्र लावू देणार नव्हत्या. डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

“मावशी, म्हशीला पेंड तिप्पट घातली आणि दूध पहिल्याएवढंच दिलं, तर काय म्हणायचं?”

“आटत आलीया म्हनायची.”

“तसंच झालंय.”

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. मग त्या म्हणाल्या, “मंग पेंड कशापायी घालताय? बंद करा की.”

इतक्या वर्षांच्या ओळखीत मी डॉक्टरांना निरुत्तर झालेलं पाहिलं ते त्या एकदाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दुधातलंही काही कळत नव्हतं. मग ते हळू म्हणाले, “बंद केली तर जाईल, मावशी. नुसती चालू ठेवली तरी दमून जाईल. म्हणून थोडे दिवस तिच्या वाटचं काम आपण यंत्राकडून करून घ्यायचं. ती उठेल की नाही, ते मला नक्की सांगता येत नाही.”

सासूबाईंनी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, शेवटच्या वाक्यानं काम केलं. तीन दिवसांत तिथे सगळ्यांनी त्यांना सगळं नक्की सांगितलं होतं. “लावा,” त्या म्हणाल्या, आणि कठडा सोडला.

अशोक वाचला. यंत्रावर तो बरेच दिवस होता आणि उतरल्यावर त्यानं पहिल्यांदा टेम्पोवाल्याचीच चौकशी केली. यंत्रामुळे वाचला, की यंत्र असूनही वाचला, की पोपटनं काटा खोलला नसता तर सगळं आणखी लवकर कळलं असतं, हे मी डॉक्टरांना पुढे अनेकदा विचारलं. ते माझ्याकडून नेलेली रहस्यकथेची पुस्तकं परत करायला यायचे, खुनी कोण ते दारातच सांगायचे, पण याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. मास्कमधून माणसाच्या आत नेमका किती ऑक्सिजन जातो तेही खात्रीनं सांगता येत नाही, असं मात्र एकदा म्हणाले. मी म्हटलं, मग आपण त्या दिवशी काय मोजलं? “जमेल तेवढं,” म्हणाले.

तो प्रश्न त्यांच्या तोंडी इतका बसला होता की कुठेही निघायचा. आमच्या कारखान्याच्या एका समारंभात उत्पादन दुप्पट झाल्याचं जाहीर झालं, टाळ्या झाल्या, आणि शेजारच्या खुर्चीतून डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, “किती देऊन?” मी ते गृहपत्रिकेत छापलं नाही. पण त्यानंतर असा कुठलाही आकडा मला सुखानं छापता आलेला नाही.

गेल्या वर्षी रक्त मोजायचं यंत्र आपल्या इस्पितळातच आलं. फीत कापली गेली, तिचं वृत्त मीच लिहिलं. या वर्षी डॉक्टर स्वतः त्याच वॉर्डात, त्याच खिडकीजवळच्या पलंगावर होते. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरला होता. मी गेलो तेव्हा तोंडावर मास्क, छाती भरभर चाललेली... मला ती छाती ओळखीची वाटली. पूर्वीचे ते तरुण डॉक्टर आता तिथले मोठे डॉक्टर आहेत. ते मला धीर द्यायला म्हणाले, आकडा चांगला आहे. मी विचारलं, “किती देऊन?”

ते चमकले. त्यांनी काहीतरी टक्केवारी सांगितली. ती जास्त की कमी, मला अजिबात कळलं नाही; प्रश्न मला येत होता, उत्तर कधीच आलं नव्हतं. मी गंभीरपणे मान हलवली. मग डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि मास्कच्या कडेला गाल किंचित हलला. हसले, की मास्कचा पट्टा रुतत होता... मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यानंतरची बातमी म्हणजे शिपायानं आणलेली ती.

शोकसभेनंतर वॉर्डाबाहेरच्या काचेच्या कपाटाचं अनावरण झालं. आत मखमलीवर एक थर्मास ठेवला होता आणि खाली पितळी पाटी, की याच थर्मासातून डॉक्टरांनी या परिसरातल्या असंख्य रुग्णांचं रक्त तपासणीसाठी पाठवलं. सगळे स्तब्ध उभे राहिले. अशोक आला होता, काळेवाडीहून सायकलनंच. त्याच्या शेजारी पोपट काचेला नाक लावून वाकला होता. सरळ होऊन तो माझ्या कानाशी आला.

“दाजी, ह्यो आपला न्हाई.”

नव्हताच. तो निळा होता आणि बुडाशी दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मी खाली कँटीनमध्ये गेलो. लाल थर्मास काउंटरवर होता, चहाचा. शेट्टी म्हणाले, जुना असला तरी माल चांगला आहे, दोन तास चहा गरम ठेवतो. मी विचारलं, किती भरून? शेट्टींनी थोडा विचार केला.

“अर्धाच भरतो,” ते म्हणाले. “गळतो ना तो.”