माझ्या नावापुढं आजची तारीख

मी चौथी शिकलेला माणूस, पण कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला न्हाई. भूकंपानंतर घरात पोरगा आणि मी, दोघंच उरलो. त्या रात्री आम्ही मुखेडला सासुरवाडीत मुक्कामी होतो, म्हणून.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. पोरगा तिथं कॉम्प्युटर शिकत होता. जावा म्हणायचे त्या भाषेला. एकदा नापास झालेला. ही शेवटची खेप. पास झाला तर नांदेडात नोकरी, न्हाई तर गावात परत, आणि गावात आमचं होतं कोण?

परीक्षेला काम असं होतं: माणसांची माहिती कॉम्प्युटरात साठवायची, तिच्यातून नुसत्या तारखा काढून लिस्टमध्ये एकाखाली एक भरायच्या आणि पडद्यावर दाखवायच्या. बाकीच्या पोरांनी दवाखान्याचे खोटे पेशंट भरले. मी म्हणलं, "खोटी माणसं कशाला? आपली भर."

"आप्पा, नको."

"भर म्हणलं ना!"

मी नावं सांगत गेलो. त्याची आई, दोघी बहिणी, चुलता, सगळी आळी. पुढं मरणाची तारीख. त्यानं मान खाली घालून भरली.

परीक्षेला मी दाराशी बाकड्यावर बसलो. सरांनी पडदा बघितला. "सगळीकडं एकच तारीख? अरे, प्रत्येकाची तारीख काढायच्या ऐवजी तू लिस्टमध्ये एकच तारीख परत परत भरलीस. नवी पोरं हीच चूक करतात."

मग मीच आत गेलो. "साहेब, चूक न्हाई. ही माणसं एकाच रात्री गेली."

"मी निलंग्याकडचाच, काका. कळलं मला. पण प्रोग्राम बरोबर हाय का, हे कसं कळावं? एक तारीख बदलून दाखवू द्या."

"माझ्या माणसांची तारीख कुणी बदलायची न्हाई."

"मग एक खोटं नाव घालू द्या."

"त्यांच्यात खोटं माणूस बसायचं न्हाई."

"आप्पा, पाया पडतो तुमच्या," पोरगा रडकुंडीला आला. "नापास होईन मी. बाहेर बसा."

मला बाहेरही जाववेना आणि हो म्हणवेना. शेवटी म्हणलं, "माझं नाव घाल. पुढं आजची तारीख."

त्यानं हात मागं घेतले. "न्हाई."

"घाल. मी तर खरा माणूस हाय."

"काका, असं नका करू," सर म्हणाले.

"मग करा की पास!"

सरांनी पेन काढलं, पण कागदावर सही करेनात.

पोरानं एकेक अक्षर दाबून माझं नाव घातलं. लिस्ट आली. सगळ्यांच्या खाली वेगळी तारीख, माझी. सरांनी कागदावर सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

पोरगा उठेना. "आधी तुमचं नाव काढतो," म्हणाला.

"ऊठ की लेका, माझा टाइम चाललाय," मागचा पोरगा खुर्ची ओढायला लागला. आमच्या पोरानं एका हातानं खुर्ची गच्च धरली, दुसऱ्या हातानं माझं नाव पुसलं. लिस्ट पुन्हा पडद्यावर आणली. बोट लावून वरपासून खालपर्यंत वाचली. सगळीकडं तीच एक तारीख दिसली, तेव्हा कुठं त्यानं खुर्ची सोडली.