रविवारी उघडलेलं बॉनेट

लुईस बेटाच्या टोकाला गाडी बंद पडली, की माणसं आधी इशबेलला हाक मारतात आणि मग देवाला. बापामागे त्याचं गॅरेज बाई एकटी चालवते. तोंडाने फटकळ, पण हाताला गुण काय विचारता! मात्र रविवार म्हणजे रविवार, देवाचा वार; कामाला हात लावणं पाप. त्या दिवशी आख्ख्या गावात दोरीवर साधा टॉवेल वाळत नाही, आणि इशबेलही पान्याला शिवत नाही.

म्हाताऱ्या टोरमोडच्या व्हॅनचं मॉड्यूल, म्हणजे इंजिनाला हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक डबी, गेलं, तेव्हा तिनेच ते काढून, नीट गुंडाळून पोस्टाने बेटाबाहेर दुरुस्तीला धाडलं. टोरमोडची बायको डॉलिना चाकाच्या खुर्चीत. ती खुर्ची चढेल अशी गाडी गावात तेवढीच. दुरुस्ती झटपट झाली, पण वादळाने बोटी बंद. लांबच्या इस्पितळातलं शुक्रवारचं डायलिसिस चुकलं. डॉलिनाचे पाय सुजले, धाप लागायला लागली. आता सोमवारचं चुकून चालणारच नव्हतं.

पार्सल आलं शनिवारच्या शेवटच्या बोटीने. पोस्टमनने रात्री उशिरा दाराशी ठेवलेलं ते इशबेलला दिसलं रविवारी, चर्चला निघताना. चर्च राहिलं बाजूला. हत्यारं घेऊन ती तडक टोरमोडकडे गेली.

"आज नाही," टोरमोड म्हणाला. चर्चमधला जुना मानकरी तो. बायकोपाशी घरीच थांबला होता, तरी अंगात काळा सूट होताच. "उद्या पहाटे बसव."

"आणि पहाटे नाही चाललं तर, काका? काकूला काय पाठुंगळी नेऊ?"

आतून डॉलिनाची धाप ऐकू येत होती.

"बरं बाई. पण निदान गाडी शेडमध्ये ढकलू. दार लावून कर."

"का? चोरी करतेय का मी? लपून केलं तरच मला पाप वाटेल."

तिने रस्त्याकडेलाच बॉनेट उघडलं. जन्मात पहिल्यांदा रविवारी पाना धरलेला. मॉड्यूल बसवून किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म. एक जोड सैल राहिला होता. तो घट्ट करते तोवर चर्च सुटलं. पहिलीच गाडी शेजारी येऊन थांबली, मागे बाकीच्या खोळंबल्या. काच खाली झाली.

"इशबेल, आज वार कोणता गं?" शेजारणीने अगदी गोड आवाजात विचारलं.

इशबेल काही बोलणार, तोच टोरमोड बाहेर आला आणि बॉनेटला हात लावून उभा राहिला.

"तिला काय विचारतेस? मी बोलावलंय तिला. ती नको म्हणत होती."

धडधडीत खोटं! जन्मभर खरं बोललेला माणूस, तेही रविवारी, भर रस्त्यात! काच वर गेली. इशबेलने पुन्हा किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू झालं.

"झाली का गं चालू?" आतून डॉलिनाने विचारलं.

टोरमोडने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि सगळ्यांसमोर तो ढसाढसा रडला.